ऑपरेशननंतर फुप्फुसाचं काय होतं? एका प्रश्नाची सव्वाशे वर्षं

गेल्या महिन्यात तिघा-चौघांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारला : "ताई, लिटरेचर रिव्ह्यूसाठी शेवटची पाच-दहा वर्षं पुरतात ना? जुने पेपर कोण वाचतं?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते तुम्हाला पटलं नसतं. म्हणून आज माझ्याच विषयाचा इतिहास सांगते. लेख संपेपर्यंत उत्तर तुम्हीच द्याल.

आधी एक घरची गोष्ट. मी फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा माझ्या आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून जमलं नाही, पोट उघडावं लागलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "ऑपरेशन छान झालं." आणि खरंच छान झालं होतं. तिसऱ्या दिवशी ताप आला, धाप लागायला लागली. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. पाच दिवसांत घरी येणारी बाई एकोणिसाव्या दिवशी आली आणि नंतर तीन महिने जिना चढताना मध्येच बसायची. तिच्या कॉटशेजारच्या टेबलावर तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र होतं, पिशवीतून न काढलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, मला वाटलं शेजारच्यांच्या नातवाचं खेळणं राहिलंय."

ते यंत्र काय आहे हे मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी दोन तास तिच्याजवळ बसले होते आणि आम्ही चुलतभावाच्या लग्नाच्या गप्पा मारल्या होत्या. हा लेख लिहिताना ते दोन तास डोक्यात आहेत, हे आधीच सांगून टाकते.

पहिला आरोपी : इथर

१६ ऑक्टोबर १८४६ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने इथरच्या भुलेचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. त्यानंतर शस्त्रक्रिया वाढल्या, लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीनंतर पोट उघडण्याचं धाडसही वाढलं. रोगी टेबलावर मरेनासे झाले, तेव्हा ते नंतर कशाने मरतात याकडे लक्ष गेलं. त्यात न्यूमोनिया वरच्या क्रमांकावर होता.

कारण समोरच दिसत होतं. इथर श्वासातून दिला जातो, त्याचा वास उग्र, त्याने घसा खवखवतो, लाळ आणि कफ वाढतो. मग दोषी इथरच. 'इथर न्यूमोनिया' असं नावच पडलं. इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा : आजाराच्या नावातच कारण घातलं की पुढची चौकशी थांबते.

चौकशी पुन्हा सुरू झाली ती ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात. तिथे मिकुलिच या मोठ्या सर्जनच्या क्लिनिकमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोटाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया नुसती जागा बधिर करून होत होत्या. ना इथर, ना क्लोरोफॉर्म. आणि तरीही रुग्णांना न्यूमोनिया होत होता! इथर दोषी असेल तर हे कसं?

आता थांबा आणि संशोधक म्हणून विचार करा. यावरून "इथर निर्दोष" असं म्हणता येईल का? जागा बधिर करून ऑपरेशन कोणाचं करतात? जो भूल सोसणार नाही त्याचं, म्हणजे आधीच अशक्त, म्हातारा, छाती खराब असलेल्याचं. मग त्याला न्यूमोनिया जास्त होणारच. दोन गट मुळातच सारखे नसतील तर तुलनेला अर्थ किती? पद्धतशास्त्राच्या पेपरात तुम्ही 'कन्फाउंडिंग'ची व्याख्या पाठ करता ना, तेच हे. तरी या निरीक्षणाने एक गोष्ट पक्की केली : इथर हे *एकमेव* कारण नाही.

पाश्चर, पण तो नव्हे

पुढचा माणूस विल्यम पाश्चर. लसीवाला लुई नव्हे, हा लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधला फिजिशियन. १८९०च्या सुमारास तो घटसर्पाच्या रुग्णांवर काम करत होता. घटसर्पाच्या विषाने काही मुलांचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, लुळं पडायचं. अशा मुलांच्या शवविच्छेदनात त्याला फुप्फुसाचे तळ मिटलेले दिसले. त्यात पू नाही, सूज नाही, फक्त हवा नाही. पिळून ठेवलेल्या स्पंजासारखे.

फुप्फुस असं मिटतं, आणि मिटणं म्हणजे न्यूमोनिया नव्हे, हे त्याच्या कितीतरी आधी, १८४०च्या दशकात, फ्रेंच डॉक्टरांनी लहान मुलांत दाखवलं होतं. पाश्चरचं वेगळेपण असं की त्याने ही घटसर्पातली गोष्ट उचलून शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आणली. १९०८मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याने ब्रॅडशॉ व्याख्यान दिलं आणि १९१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पोटाच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाचा खंड मिटण्यावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं : पोटावर घाव पडला की श्वासपटल काम थांबवतं, खोल श्वास घेतला जात नाही, आणि तळाचं फुप्फुस मिटतं. ज्याला आपण सरसकट न्यूमोनिया म्हणतो, त्यातल्या बऱ्याच रुग्णांत सुरुवात इथे होते.

आणि हे त्याने ओळखलं कसं? त्या काळी वॉर्डात पलंगापाशी एक्स-रे मिळत नव्हता. त्याने बोटांनी ठोकून आणि हात ठेवून हृदयाची जागा शोधली. छातीत पाणी झालं तर हृदय पलीकडे ढकललं जातं. फुप्फुस मिटलं तर हृदय त्या बाजूला *ओढलं* जातं. न्यूमोनियात सहसा जागेवर राहतं. उपकरण नसताना केलेलं हे निदान मला आजही थक्क करतं.

शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसांचा खरा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा श्वास आत घेण्याची ताकद कमी पडणं या कारणाला त्यात महत्त्वाची जागा मिळेल, असं त्याने त्या लेखात म्हणून ठेवलं होतं. ही जागा मिळायला सत्तरएक वर्षं लागली.

कफाचं बूच

मध्ये काय झालं? मध्ये दुसरं, जास्त *दिसणारं* कारण आलं. १९१४मध्ये एलियट आणि डिंगली या दोघांनी 'लॅन्सेट'मध्येच मांडलं की पोटाच्या ऑपरेशननंतर श्वासनलिकेत कफ अडकतो, पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग मिटतो. बंद नळीपलीकडची हवा रक्तात शोषली जाते हे लिख्टहाइमने १८७०च्या दशकाच्या शेवटी सशांवर दाखवलेलं होतं, त्यामुळे पाया भक्कम होता. १९२५मध्ये फिलाडेल्फियातून जॅक्सन आणि ली यांनी याच आजारावर लिहिलं. यातला शेव्हेलियर जॅक्सन म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याच्या तंत्रातला गुरू. दुर्बीण घालायची, चिकट कफाचं बूच ओढून काढायचं, आणि मिटलेलं फुप्फुस उघडायचं. याहून मोठा पुरावा काय हवा?

झालं, पाश्चरचं श्वासपटल मागे पडलं. वाद "कफ की श्वासपटल?" असा झाला आणि कफ जिंकला. दोन्ही असू शकतं, एकामुळे दुसरं होऊ शकतं, हा विचार मागे पडला. श्वास उथळ झाला की खोकला दुबळा होतो, खोकला दुबळा झाला की कफ अडकतो, कफ अडकला की फुप्फुस मिटतं, आणि मिटलेल्या, कफ साचलेल्या भागात जंतूंना आयतं घर मिळतं. ही साखळी आहे. साखळीतली एक कडी हातात आली की बाकीच्या विसरायच्या, ही चूक तुमच्या-माझ्या प्रबंधातही होते.

मोजायला लागल्यावर

१९२७मध्ये अमेरिकेत चर्चिल आणि मॅकनील यांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रुग्ण एका पूर्ण श्वासात किती हवा हलवू शकतो, हे मोजलं. १९३३मध्ये हेन्री बीचरने पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसातली एकूण हवाच कशी घटते ते दाखवलं. पोटाच्या वरच्या भागात घाव असेल तर ही श्वासक्षमता साधारण निम्म्यावर येते. खालच्या पोटात किंवा हातापायावर शस्त्रक्रिया असेल तर इतकी नाही. म्हणजे भूल तीच, कफ तोच, पण घावाची *जागा* बदलली की परिणाम बदलतो. (हाच बीचर पुढे १९५५मध्ये प्लासिबोवर आणि १९६६मध्ये संशोधनातल्या नीतिमत्तेवर गाजलेले लेख लिहितो. एथिक्स कमिटीचे फॉर्म भरताना त्याची आठवण काढा.)

तरी "दुखतं म्हणून श्वास घेत नाही" असंच सगळे मानत राहिले. १९८३मध्ये सिमोनो आणि सहकाऱ्यांनी पाठीतून औषध देऊन वेदना घालवली आणि श्वासपटल मोजलं. दुखणं कमी झालं, पण श्वासपटल सुधारलं नाही! वेदनेपलीकडेही काहीतरी आहे. पोटातल्या अवयवांना हात लागला की मज्जासंस्थेतूनच श्वासपटलाला मिळणारा आदेश कमी होतो, असं स्पष्टीकरण पुढे आलं. पाश्चर बरोबर होता.

आणि इथरचं काय? १९८५मध्ये स्वीडनमध्ये ब्रिस्मार, हेडेनस्टिएर्ना आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या माणसांचं सीटी स्कॅन केलं. भूल दिल्यावर काही मिनिटांतच पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मिटलेला दिसला. निरोगी फुप्फुसात, घाव घालण्याच्याही आधी! इथरच्या उग्रपणामुळे नव्हे, तर भुलेने स्नायूंचा ताण जातो म्हणून. पहिला आरोपी सुटला होता, तो वेगळ्या कलमाखाली पुन्हा कोर्टात आला.

"हलू नका" ते "उठा"

आता उपचारांकडे. जुनी शिकवण होती विश्रांतीची. पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-दोन आठवडे अंथरुणात. टाके उसवतील ही भीती. १८९९मध्ये शिकागोच्या एमिल रीसने रुग्णांना लवकर उठवायला सुरुवात केली आणि तसं लिहिलंही. फारसं कोणी ऐकलं नाही. चाळीस वर्षांनी डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझरने हाच मार्ग धरला, दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि नर्सेस अपुऱ्या पडल्या तेव्हा तो नाइलाजाने पसरला. १९४४मध्ये कूपर्सटाउनच्या जॉन पॉवर्सने उठवलेल्या आणि पडून राहिलेल्या रुग्णांची तुलना छापली आणि शीर्षकातच विश्रांतीचा 'गैरवापर' हा शब्द वापरला. १९४७मध्ये रिचर्ड ॲशरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाचे धोके सांगणारा लेख लिहिला. तो जरूर मिळवून वाचा. दोन पानांत इतकं खणखणीत कसं लिहावं ते कळेल.

श्वासाच्या व्यायामांचा धागा वेगळा. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागलेल्या सैनिकांना लंडनमध्ये कोर्टलँड मॅकमहोन व्यायाम शिकवत होता, त्याचा लेख १९१५चा. १९३४पासून ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये विनिफ्रेड लिंटनने छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ते बसवले. आमच्या व्यवसायाची ही आजी, आणि आमच्याच अभ्यासक्रमात तिचं नाव मला भेटलं नाही. पेपर शोधताना भेटलं.

४२, २७, १२

हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. १९५४मध्ये स्वीडनमध्ये थोरेनने पित्ताशय काढलेल्या ३४३ रुग्णांचा अभ्यास छापला. व्यायाम न दिलेल्यांत ४२ टक्के रुग्णांचं फुप्फुस कुठे ना कुठे मिटलेलं सापडलं. फक्त ऑपरेशन*नंतर* व्यायाम दिलेल्यांत २७ टक्के. आणि ऑपरेशनच्या *आधीपासून* शिकवलेल्यांत १२ टक्के.

पित्ताशय. पोट उघडून. आत्याचंच ऑपरेशन.

मग पुढे काय झालं? यंत्रं आली. नाकातोंडातून दाबाने हवा भरणारी यंत्रं १९५०नंतर इतकी लोकप्रिय झाली की १९७४मध्ये अमेरिकेत शुगरलोफ इथे खास परिषद भरवून "याला पुरावा काय?" असं विचारावं लागलं. पुरावा फार निघाला नाही. १९७३मध्ये रॉबर्ट बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला : फुंकून उपयोग नाही, *आत* ओढायला हवं. आपण जांभई देतो तेव्हा काय होतं? हळू, खोल श्वास आत जातो आणि क्षणभर थांबतो. मिटलेल्या हवेच्या पिशव्या त्यानेच उघडतात. त्या विचारातून आलेली उपकरणं म्हणजे आजच्या तीन गोळ्यांच्या यंत्राचं घराणं. आजही आपल्याकडे "फुगा फुगवा" असा सल्ला मिळतो आणि कितीतरी रुग्ण त्या गोळ्यांच्या यंत्रात फुंकर मारतात. कारण कोणी दाखवलेलं नसतं.

आणि ते यंत्र तरी? २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात, पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियेनंतर नुसत्या या यंत्राने गुंतागुंत टळते असं दिसलं नाही. उपलब्ध पुराव्याचा दर्जाही कमीच होता. म्हणजे पिशवीतून न काढलेलं यंत्र हा आत्याच्या न्यूमोनियाचा दोषी आहे, असंही म्हणता येत नाही.

मग २०१८ येतं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इयान्थी बोडेन आणि सहकाऱ्यांची चाचणी येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, ४४१ रुग्ण, पोट उघडून वरच्या भागातली शस्त्रक्रिया, गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले. सगळ्यांना माहितीपत्रक दिलं. एका गटाला त्यासोबत ऑपरेशन*आधी* फिजिओथेरपिस्टबरोबर अर्ध्या तासाची एक भेट : फुप्फुसाचं काय होणार आहे, का होणार आहे, शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला श्वास कसे घ्यायचे. बस्स, तीस मिनिटं. फुप्फुसाची गुंतागुंत पत्रकवाल्यांत २७ टक्के. भेटवाल्यांत १२ टक्के.

पुन्हा २७ आणि १२! मी हे पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला. पण लगेच सावध व्हा. थोरेन फुप्फुसाचं मिटणं मोजत होता, बोडेनच्या गटाने अनेक लक्षणं मिळून ठरणारी गुंतागुंत मोजली. चौसष्ट वर्षांत भूल, औषधं, रुग्ण, सगळं बदललं. आकडे जुळले हा योगायोग. दिशा जुळली हा योगायोग वाटत नाही. फरक कळला तर तुम्ही संशोधनाला तयार आहात.

"गुंतागुंत" म्हणजे नक्की काय?

या विषयात वाचायला लागलात की डोकं गरगरेल, कारण एका पेपरात प्रमाण ५ टक्के, दुसऱ्यात ४०. रुग्ण वेगळे असतात हे एक कारण. मोठं कारण व्याख्येचं. एक्स-रेवर डाग दिसला की गुंतागुंत? ताप आला की? ऑक्सिजन लावावा लागला की? २०१५मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी बसून व्याख्या एकसारख्या करायचा प्रयत्न केला, तोपर्यंत प्रत्येकाची मोजपट्टी आपापली होती. तुमचा विषय कुठलाही असो, पहिला महिना परिणाम *कसा मोजायचा* यावर घालवा.

आणि हे सगळं कशासाठी, तेही पाहा. २०१०मध्ये छापलेल्या कॅटलोनियातल्या अभ्यासात ५९ हॉस्पिटलांतले २४६४ रुग्ण होते. फुप्फुसाची गुंतागुंत झाली फक्त ५ टक्क्यांना. पण त्यांच्यात तीस दिवसांत मरण पावले १९.५ टक्के, बाकीच्यांत ०.५ टक्के. अर्थात, गुंतागुंत झालेले मुळातच जास्त आजारी होते, म्हणून सगळा दोष फुप्फुसाचा नाही. (कन्फाउंडिंग, पुन्हा.) पण धोका कुणाला, हे त्यांनी सात गोष्टींवरून सांगितलं : वय, आधीचा ऑक्सिजन, महिनाभरातला छातीचा संसर्ग, रक्त कमी असणं, घावाची जागा, शस्त्रक्रियेचा कालावधी आणि ती तातडीची आहे का. यातलं रक्ताचं प्रमाण आणि खोकला तर आधी तपासून सुधारता येतं.

आत्याचं वय ६८, हिमोग्लोबिन ९, पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-खोकला, घाव बरगडीखाली, वेळ अडीच तास. हे सगळं तिच्या फाइलमध्ये वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलं होतं. एकत्र कोणी वाचलं नाही. मीही नाही.

तर, शेवटची पाच वर्षं पुरतात का?

फक्त पाच वर्षं मागे गेलात तर तुम्हाला वाटेल, ऑपरेशनआधी शिकवणं ही ताजी कल्पना आहे. तुम्ही १९५४ पाहणार नाही, आणि त्यामुळे खरा प्रश्नही दिसणार नाही. माझ्या पीएचडीचा प्रश्न तोच आहे : माहीत असलेली गोष्ट वॉर्डात का पोचत नाही? बाकी तपशील डेटा गोळा झाल्यावर सांगेन.

तोवर एक काम करा. तुमच्या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा पेपर घ्या. त्याच्या संदर्भांतला सर्वांत जुना पेपर शोधा आणि तो *पूर्ण* वाचा, नुसता सारांश नको. मग त्याच्या संदर्भांतला सर्वांत जुना. असं तीनदा. प्रत्येक पायरीवर दोन ओळी लिहा : तेव्हा दोषी कोण मानला जात होता, आणि तो कशावरून सुटला किंवा अडकला. ग्रंथालयात जुने अंक मिळत नसतील तर ग्रंथपालांना विचारा. त्यांना असे प्रश्न आवडतात, हा माझा अनुभव आहे.

आणि घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी लग्नाच्या गप्पा जरूर मारा. पण आधी त्यांच्या सर्जनना किंवा भूलतज्ज्ञांना विचारा, "श्वासाचे व्यायाम कोण शिकवणार?" अर्धा तास लागतो.

आत्या आता बरी आहे. ते यंत्र तिने जपून ठेवलंय. परवा शेजारच्या काकूंचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती स्वतः त्यांना सांगत होती, "फुंकायचं नाही हं. आत ओढायचं, आणि धरायचं."